न्हाऊन उठल्यावरचे दिस

“न्हाऊन उठल्यावरचे दिस लय गुणाचे हायत, पोरी. तवाच कूस भरते.” पडघ्याच्या माहेरी, न्हाणीत पाठ चोळता चोळता आईने सांगितलेलं तुळजाने चार वर्षं पाळलं. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर अठ्ठावीस रेघा ओढल्या आणि मधल्या पाचांभोवती गोल केला. बारा ते सोळा, गर्भ राहायचे दिवस.

तो कागद तिने साडीच्या घडीत लपवला. धाकटी जाऊ रंजिता, लग्नाला वर्षही न झालेली, तिने कूस कधी भरते असं लाजत विचारलं तेव्हा तुळजाने आईचं वाक्य तिला देऊन टाकलं. खोटं थोडंच होतं? आईचं होतं.

आज सकाळी रंजिता दाराशी गोणपाटावर वेगळी बसली. पाळी आली होती. सासू, कमळाबाई, दोघींना ऐकू जाईल अशा बेताने भिंतीशी बोलल्या. तुळजाने वरून तांब्यातलं पाणी रंजिताच्या ओंजळीत ओतलं. तिचे डोळे सुजलेले. ते पाहून तुळजाला आतून गार गार वाटलं. तोंडावर दिसेल म्हणून ती वळली.

“ताई, थांबा,” रंजिताने हाक मारली.

दोघींचे नवरे, हिरामण आणि मनोज, नारपोलीला एकाच शेठच्या कापडाच्या लूमवर. एक डेला, एक नाइटला, दर सोमवारी अदलाबदल. तुळजाचे मधले पाच दिवस दर महिन्याला हिरामणच्या नाइटच्याच आठवड्यात पडायचे. काल रात्री खोलीतल्या मधल्या पडद्याआड ती त्याला पुढचा आठवडा मनोजशी बदलून घ्या म्हणाली. धाकट्या भावाला कारण काय सांगू, म्हणून तो कूस बदलून झोपला. पडद्याला कान असतात.

“मी ह्यांना सांगितलंय,” रंजिता म्हणाली. “सोमवारपासून हे नाइटला जातील, दादा डेला.”

“अगं, पण सोमवारी तुझी अंघोळ.”

“हो ना. माझे गुणाचे दिवस गेले वाया.” नाक पुसत ती हसली. “जाऊ देत. तुम्ही चार वर्षं वाट बघताय. आधी तुम्ही.”

तुळजाने तांब्या खाली ठेवला. मग ती रंजिताला खेटून गोणपाटावर बसली. आतून कमळाबाई ओरडल्या, शिवलीस ना तिला, आता चुलीकडे यायचं नाही. तुळजा उठली नाही.

“ते दिवस गुणाचे नसतातच, रंजू. पाळीच्या बाराव्या दिवसापासून पाच मोज. मला महिनाभर ठाऊक होतं.”