चष्म्यातला मासळीबाजार

तैवानमधल्या आमच्या तैनानच्या शाळेने पालकांना नवा खेळ दाखवला. डोळ्यांवर जाडा चष्मा चढवला की समोर व्हिएतनामचा बाजार उभा राहतो. तिथल्या मासळीवालीशी तिच्याच भाषेत भाव करायचा. सरांनी आधी माझ्या व्हिएतनामी सुनेलाच, न्यानला, पुढे केलं.

ती बोलली.

[समजले नाही. पुन्हा बोला.]

ती सावकाश बोलली.

[समजले नाही.]

"यंत्राला राजधानीतले उच्चार लागतात हो," सर हसले. "तुमचे पडले दक्षिणेकडचे, खेडवळ."

पालकही हसले. "दलालाने आणून दिलेली सून," मी शेजारणीला म्हटलं. "हिला स्वतःची भाषासुद्धा धड येत नाही. आली त्या दिवसापासून घरात ती भाषा बंद केली मी. नातीची जीभ बिघडली असती."

माझी नऊ वर्षांची नात पेइशुआन तरातरा उठली. आईचा चष्मा ओढून तिने स्वतःला लावला आणि हात नाचवत मासळीवालीशी घासाघीस सुरू केली. चांगली मिनिटभर, न अडखळता.

[समजले नाही. पुन्हा बोला.]

न्यान मात्र खुदकन हसली.

"सर, पोरीला छान शिकवलंत हो," शेजारीण म्हणाली.

"मी कुठे शिकवलं?" सर म्हणाले. "व्हिएतनामीचा पहिला तास सोमवारी आहे."