करंजतेल चाललं नाही

"फसलेलं काम कुणी जगाला दाखवतं का रे? झाकून ठेव," सर म्हणाले.

"तीन वर्षं गेली माझी त्यात," हणमंत तडकला. डाळिंबावरच्या तेल्या रोगाला करंजतेल चालतं का, हे तो बघत होता. चाललं नव्हतं; फवारलेल्या फळांवरही डाग आलेच. आता सगळे आकडे इंटरनेटवर टाकायचे, कुणालाही फुकट बघता यावेत, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

"मग आपल्या एवढ्याशा कॉलेजला पुढचा निधी कोण देईल?" सर खुर्चीत टेकले. त्यांचा आवाज उतरला. "विजापूरकडच्या माझ्या मित्रानं हाच करंजतेलाचा प्रयोग केला होता. त्याचंही फसलं. छापलं नाही त्यानं, फोनवर सांगितलं फक्त."

"कधी?"

"तू सुरू करायच्या आधी. वाटलं, आपल्याला जमेल."

हणमंतच्या मनात आलं, असंच उद्या आणखी कुठल्यातरी कॉलेजातलं पोरगं करंजाच्या बिया गोळा करायला निघेल आणि त्याला कुणी काही सांगणार नाही.

त्यानं पेनड्राइव्ह खिशात टाकला. "निघतो, सर. नेट फक्त प्राचार्यांच्या केबिनमध्ये चालतं, आणि शिपाई पाचला कुलूप लावतो."