तिच्या नावाचं मॉस

"माझं नाव काढा त्याच्यातून. आत्ताच्या आत्ता काढा."

ती ओरडली तेव्हा दादा नुकताच प्रयोगशाळेच्या दारात पोचला होता. तिला गाडीवरून न्यायला आलेला, हाताला अजून गॅरेजचं ग्रीस. बहीण आपल्या सरांवर अशी खेकसतेय बघून तो गारच पडला.

"काय झालं सर?"

"या, तुम्हीच समजवा हिला." सर मात्र थंड. मायक्रोस्कोपवर कव्हर चढवत होते. "पाणी झिरपणाऱ्या कड्यावर एक मॉस सापडलं. आधीच्या कुठल्याच गटात बसेना. म्हणून नवा गट केला, छोटासा, या एकाच जातीचा. त्या गटाला मी हिचं नाव दिलंय."

"शेवाळाला?"

"मॉस म्हणा हो. आणि नाव कायमचं. आपण सगळे मेलो तरी पुसलं जात नाही."

दादाची छाती फुगली. मग बहिणीकडे बघून त्याचं डोकंच फिरलं. "अगं, आपलं आडनाव विजेच्या बिलावरसुद्धा कुणी धड छापत नाही. इथे जगात नाव होतंय तर तुझं काय बिनसलंय?"

"दादा, तू मध्ये पडू नकोस."

"का नको? त्या कड्याला तू लोंबकळलीस. गुडघे तू फोडून घेतलेस. भिंगात बघून बघून डोळ्यांची वाट लावलीस. आता नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, काय शोधलंत बाई, तर सांगायला काहीतरी झालं की."

ती हसली. कडू हसली. "विचार ना सरांना, काय सांगू मी तिथे."

"सांग की सरांनी माझं नाव दिलं," सर म्हणाले. "याहून मोठा मान नसतो आमच्यात."

"मान," ती म्हणाली, आणि हातातली काचपट्टी टेबलावर अशी आपटली की तडकलीच.

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफी माग."

तिनं तडकलेली काच उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"माग म्हणतोय ना."

"नाही मागणार."

"मनावर घेऊ नका सर, लहानपणापासून अशीच तिरसट आहे ही," दादा म्हणाला. "तुम्हा दोघांच्या नावानं शोध छापून आला की फ्रेम करून गॅरेजात लावतो."

"दोघांच्या नाही," सर बॅग खांद्याला अडकवत म्हणाले. "ज्याचं नाव द्यायचं तो माणूस शोधणाऱ्यांत नसावा, अशी रीत आहे आमच्यात. स्वतःच स्वतःचं नाव दिल्यासारखं दिसतं ना. मग शोध माझ्या एकट्याचा दाखवावा लागला. चला, मला आता निघायला हवं."