सोललेली द्राक्षं

हॅलोविनसाठी मी गॅरेजमध्ये भुताचं घर केलं होतं. माझी पाच वर्षांची नात टिल्डा आत जायला तयार नव्हती, म्हणून तिला आधी सगळं उजेडात दाखवलं. डोळे म्हणजे सोललेली द्राक्षं, आतडी म्हणजे गार नूडल्स, भूत म्हणजे आजीची चादर.

"कशाचं केलंय ते कळलं, की भीती जाते," मी म्हणालो.

मग ती एकटीच आत गेली. शेजारची सगळी पोरं माझ्याजवळ, दाराबाहेर रांगेत उभी होती.

आतून तिचा आवाज आला, "रडू नको रे, वेड्या! ही नुसती द्राक्षं आहेत."

"कुणाशी बोलतेस गं?"



"आजोबा, द्राक्षांची भीती गेली त्याची. आता विचारतोय, आजोबा कशाचे केलेत?"