कात्री

जहाजातून उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी कंपनीने धक्क्यावर नवंकोरं ‘जुनं गाव’ उभारलं होतं. तिथल्या खोट्या झोपडीच्या दारात एका म्हाताऱ्या कोळ्याने दिवसभर जाळं सांधत बसायचं आणि पाहुण्यांनी फोटो काढायचे. खरं गाव कुंपणापलीकडे होतं. तिकडे कुणी फिरकत नसे.

संध्याकाळी जहाज गेलं की मॅनेजर कात्री घेऊन यायचा.

“काका, सगळं सांधून टाकलंत? फाडा परत. उद्या पाहुण्यांना काय दाखवायचं?”

एरवी म्हातारा मुकाट्याने फाडायचा. आज त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने कात्री समुद्रात भिरकावली.

“कात्री कशाला हवी? उद्या माझ्या पोराचं जाळं घेऊन येतो. आज पहाटे धक्क्याला येताना तुमच्या जहाजानेच चिंध्या केल्यात त्याच्या!”