अत्सूचा घास

"त्या घराला आपलं काही देऊ नकोस," सासूबाईंनी एन्योनामला बजावलं होतं. "तिथे गेलेलं काही माघारी आलेलं मी तरी पाहिलं नाही." तेव्हा एन्योनाम हसली होती. म्हणाली होती, आई, आता तिथे साहेब बसत नाहीत, चित्रं टांगतात.

आज दोघी लोमेतल्या त्याच घराच्या, गव्हर्नरच्या जुन्या वाड्यात उघडलेल्या संग्रहालयाच्या, पहिल्या मजल्यावर, एका काचेच्या कपाटासमोर उभ्या होत्या. मधे एन्योनामचा एत्से. चार वर्षांचा, पण उचलला तर दोन वर्षांच्या पोराएवढा भरेल. काचेआड वीतभर उंचीची लाकडी बाहुली होती, कमरेला निळा कपडा गुंडाळलेली. ती बाहुली म्हणजे अत्सू, एत्सेचा जुळा भाऊ.

अत्सू दहा महिन्यांचा असताना तापाने गेला. गेला असं घरात कोणी म्हणत नाही. जुळ्यांतलं एक रानात लाकडं आणायला गेलं, असंच म्हणायचं. मग बाहुली कोरून घ्यायची आणि एकाला आंघोळ घातली की दुसऱ्याला घालायची, जेवताना पहिला घास तिच्या ओठांना लावायचा. एन्योनामने तीनेक वर्षं हे सगळं केलं. शाळेत इतिहास शिकवणारी बाई ती. संध्याकाळी घरी येऊन लाकडाचं तोंड पुसणं तिला दिवसेंदिवस जड जाऊ लागलं. संग्रहालयाने घराघरांतून वस्तू मागितल्या, तेव्हा तिनेच अत्सूला नेऊन दिलं. वर्गात अभिमानाने सांगितलंही, की ज्या फाटकात आपल्या पणज्यांना उभं करत नव्हते, तिथे आता आपली लेकरं मांडली आहेत.

त्या दिवसापासून एत्से जेवेना. ताट आलं की विचारायचा, त्याला दिलं? हो म्हटलं तर घरभर शोधून यायचा आणि ताट सारायचा. दुसरी बाहुली करून आणली, तर तिच्याकडे बघून म्हणाला, हा कोण? डॉक्टरांनी पोट तपासलं, रक्त तपासलं. काही निघालं नाही.

खालच्या कचेरीतल्या बाईंनी बाहुली परत मागायला आलेल्या एन्योनामचं सगळं ऐकून घेतलं होतं, पाणीही दिलं होतं. पण बाहुली देतानाच्या कागदावर 'कायमस्वरूपी' असं लिहिलेलं होतं आणि खाली सही तिचीच होती.

सासूबाई या घरात आयुष्यात पहिल्यांदा आल्या होत्या. जर्मनांच्या वेळी त्यांच्या आजोबांनी इथल्या भिंतींचे दगड डोक्यावरून वाहिले. वडिलांनी फ्रेंचांच्या सदऱ्यांना इस्त्री केली. मागल्या दाराने जायचे, मागल्या दाराने यायचे. पुढे आपलेच राज्यकर्ते आले, तरी फाटकासमोरून चालायची कोणाची छाती झाली नाही. मग वीसेक वर्षं आत नुसती वटवाघळं नांदली. एवढं होऊनही सासूबाई बाजारातून येताना रस्ता ओलांडून पलीकडूनच येत. आज मात्र त्या फाटकातून सरळ आत शिरल्या. जिन्यापाशी चपला काढायला वाकल्या, तेव्हा एन्योनामने हाताला धरून त्यांना वर आणलं.

"पाटीवर काय लिहिलंय गं?" त्यांनी विचारलं.

'मृत जुळ्याची प्रतिमा' असं लिहिलं होतं. एन्योनामने वाचलं, "अत्सू. लाकडं आणायला गेलाय."

सासूबाईंनी मान हलवली. कापड सावरून त्या कपाटासमोर फरशीवर बसल्या आणि पिशवीतून डबा काढला. चवळी घातलेला भात. वास खोलीभर पसरला, तसा रखवालदार मेसान लगबगीने आला.

"आजी, इथे खायला मनाई आहे."

"मी कुठे खातेय? जेवायचंय त्याला."

मेसानने आधी काचेकडे पाहिलं, मग एत्सेच्या मनगटांकडे. जुळ्यांतला का, असं त्याने हळूच विचारलं. एन्योनामने मान डोलावली.

"मी खिडक्या लावून येतो," तो म्हणाला. "गव्हर्नरसाहेबाची बैठक होती म्हणे ही. त्याच्या खिडक्या त्याच्यासारख्याच, लवकर ऐकत नाहीत." आणि त्यांच्याकडे पाठ करून तो समुद्राच्या बाजूला गेला.

सासूबाईंनी घास केला, अत्सूच्या तोंडासमोर काचेला टेकवला आणि एत्सेपुढे धरला. एत्सेने तोंड उघडलं. एन्योनाम त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. घास खाली उतरला. दुसरा घास एत्सेने स्वतःच्या हाताने केला, आधी काचेला लावला, मग तोंडात घातला. मेसानला खिडक्या लावायला पुष्कळ वेळ लागला. तोवर अर्धा डबा संपला होता.

येत्या सोमवारी एन्योनामला बदली होऊन उत्तरेला, डापाँगच्या शाळेत हजर व्हायचं आहे. बसने अख्खा दिवस लागतो. मेसानने कबूल केलंय, की रोज स्वतःचा डबा उघडला की पहिला घास तो या काचेला दाखवेल. पण त्याच्याही पाळ्या बदलणार, त्यालाही सुट्ट्या असणार, आणि डापाँगला एत्से दर जेवणाला विचारणार.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी लोमेला गेलंच, तर त्या घराच्या पहिल्या मजल्यावर, समुद्राकडच्या खोलीत जरा डोकवा. निळ्या कपड्याचा आहे. जो कोणी पहाऱ्यावर असेल त्याला विचारा, आज याला दिलं का. नसेल दिलं, तर तेवढं बघा, आणि कळवा. एन्योनामला पोराला हो म्हणायचंय, पण खोटं बोलायचं नाहीये.