सासूबाईंनी सोडवलेला पेपर

"बाळंतिणीला मनाबद्दलचे दहा प्रश्न एकटीलाच विचार, घरच्यांना बाहेर बसव," लीड्सच्या दवाखान्यातल्या सिनियर नर्सने मला बजावलं होतं. मी शिकाऊ डॉक्टर, शिवाय स्वतः दहा महिन्यांच्या मुलीची आई. मनात म्हटलं, या गोऱ्यांना आपली माणसं काय कळणार.

मग साताऱ्याची केतकी आली, दीड महिन्याचं बाळ आणि सासूबाई घेऊन. सासूबाईंनी माझ्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. आता त्यांना बाहेर कसं बसवणार?

"रडू येतं का?" मी केतकीला विचारलं.

"छे, रडायला काय झालंय तिला," सासूबाई म्हणाल्या.

दहाही उत्तरं त्यांनीच दिली. केतकी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. मी पैकीच्या पैकी गुण देऊन लाडू संपवला.

पुढच्या आठवड्यात सासूबाई बाळाला घेऊन एकट्याच आल्या. "ती उठतच नाही हो. चार दिवस जेवली नाही, बाळाला घेत नाही. आळस, दुसरं काय."

केतकीला त्याच दिवशी दाखल केलं. कागदावर तिचे गुण अजून तसेच आहेत, खाली माझी सही.

तुमच्या बिल्डिंगमध्येही एखादी बाळंतीण असेल. आज जाऊन या. सासूबाईंना चहा टाकायला पाठवा, आणि मग तिला विचारा.